दातांतली नोंद

'किरणोत्सार' म्हटले की आपल्यापुढे हिरोशिमा, चेर्नोबिल, फार तर तारापूर उभे राहते. तो आपल्या दाढेतही आहे असे कोणी सांगितले तर आपण हसू. परंतु ते खरे आहे. खडकातील युरेनियमपासून रेडियम तयार होते. ते पाण्याअन्नातून पोटात जाते. रेडियम हे गुणधर्माने कॅल्शियमचे भावंडच, म्हणून शरीर त्याला हाडांत आणि दातांत जागा देते. प्रमाण इतके अल्प, की सहसा भिण्याचे कारण नाही.

हा विषय सायन्सवाल्यांचा, असे मित्र म्हणतात. मला ते पटत नाही. हाड जन्मभर झिजते, पुन्हा घडते. दातावरचे कठीण कवच मात्र एकदा बनले की नव्याने घडत नाही. लहानपणच्या अन्नपाण्याची खूण तेथे टिकते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मीच पहिला. आजीची जन्मतारीखसुद्धा कोठे लिहिलेली नाही. तिच्या बालपणाचे दप्तर म्हणजे तिच्या उरलेल्या चार दाढा! हा इतिहास नव्हे तर काय?

अमेरिकेतील सेंट लुईस शहरात १९५८ पासून मुलांचे सुमारे ३ लाख दुधाचे दात जमवले गेले. तेथे शोध नैसर्गिक किरणोत्साराचा नव्हता. अणुचाचण्यांतून पसरलेल्या स्ट्रॉन्शियम-९० चा होता. १९६३ साली वातावरणातील चाचण्यांवर बंदीचा करार झाला, त्या मागणीला या दातांनी बळ दिले. दात दिले होते सामान्य घरांतील आयांनी, हे मला महत्त्वाचे वाटते.

आम्हां खडवलीकरांचे पडलेले दात मात्र कौलांवर जातात. कोणी म्हणेल, आपला काळा पाषाण. ग्रॅनाइटच्या मानाने त्यात युरेनियम कमीच, मग मोजायचे कशाला? अहो, आजचा कमी आकडा लिहून ठेवला नाही, तर उद्या वाढला हे कशावरून ठरवणार?

एकट्या दाताचे वजन ते किती! पुष्कळ दात धुऊन, वाळवून, कुटून एकत्र करावे लागतात आणि बाहेरचे किरण अडवण्यासाठी शिशाच्या भिंतीआड तासन्‌तास मोजावे लागतात. ते काम तुर्भ्याच्या भाभा केंद्रासारख्या ठिकाणचे. जमवण्याचे काम आपले. भातसेचे पाणी पिणाऱ्यांचा डबा वेगळा, बोअरचे पिणाऱ्यांचा वेगळा. डब्यावर गाव आणि जन्मसाल, नाव नको. आणि जो आकडा येईल तो मराठीत, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागला पाहिजे.