गोळ्या चालू असूनही पाळी चुकली? भीती कधी खरी, कधी उगाच

रांजणगाव एमआयडीसीत शिफ्ट बदलली की जेवणाची आणि झोपेची वेळ बदलते. दौंडच्या ऊसपट्ट्यात गळीत हंगाम सुरू झाला की तोडणीच्या टोळ्या पहाटेच फडात उतरतात. गर्भनिरोधक गोळीची अट मात्र एकच : रोज, ठरलेल्या वेळी. ‘गोळी चालू आहे, पण पाळी आली नाही’ या धास्तीचं निम्मं उत्तर इथंच आहे.

सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या ‘माला-एन’च्या पाकिटात 28 गोळ्या असतात, 21 हार्मोनच्या आणि 7 लोहाच्या. एकही न चुकवता घेतल्या तर वर्षभरात 100 पैकी एखादीलाच दिवस जातात, तेही क्वचित. पण बायका प्रत्यक्षात जशा घेतात तसं मोजलं, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार हे प्रमाण 100 मध्ये साधारण 7 होतं. औषध तेच, फरक विसरण्याचा.

त्यातही कोणती गोळी विसरली, हे महत्त्वाचं. लोहाची राहिली तर गर्भधारणेचा धोका वाढत नाही. हार्मोनची एक राहिली तर आठवताच घ्यायची, त्या दिवशी दोन झाल्या तरी चालतं. दोन किंवा जास्त राहिल्या तर एक लगेच घेऊन रोजची चालू ठेवायची आणि पुढचे 7 दिवस निरोध वापरायचा. सगळ्यात जोखमीचा दिवस असतो नवं पाकीट सुरू करायचा. लोहाच्या आठवड्यात शरीराला हार्मोन मिळतच नसतं. अशात आशाताईंकडचा साठा संपला किंवा टोळी दुसऱ्या गावी गेली, की हा खंड लांबतो आणि स्त्रीबीज सुटू शकतं. त्या दिवसांत संबंध आला असेल तर 72 तासांच्या आत इमर्जन्सी गोळीबद्दल विचारावं. एक पाकीट कायम जादा ठेवलेलं बरं.

टीबीवरच्या उपचारातल्या रिफाम्पिसिनमुळे आणि फिट्सच्या काही औषधांमुळेही गोळीचा असर कमी होतो. हे डॉक्टरांना आधीच सांगायला हवं.

‘छाया’चं गणित वेगळं. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालेल्या या गोळीत हार्मोन नसतं. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर एकदा घ्यायची. सुरुवातीला काहींची पाळी लांबते, आणि तिथंच घाबरगुंडी उडते. लांबलेली पाळी म्हणजे दिवस गेले असं नाही, पण अंदाज बांधत बसण्यापेक्षा टेस्ट केलेली बरी.

टेस्टचं ‘निश्चय’ किट आशाताईंकडे मिळतं. अडचण अशी की आशाताई गावातल्याच, कधी भावकीतल्याच. म्हणून किट घ्यायला कुणी शिरूर किंवा दौंडच्या मेडिकलमध्ये गेली, तर त्यात वावगं काही नाही.

आणि टेस्ट पॉझिटिव्ह आली तर? गर्भनिरोधक साधन निकामी ठरणं हे 20 आठवड्यांपर्यंत गर्भपाताचं कायदेशीर कारण आहे. 2021च्या दुरुस्तीनं ‘विवाहित स्त्री आणि तिचा नवरा’ ही अट काढून ‘स्त्री आणि तिचा जोडीदार’ असे शब्द घातले, त्यामुळे अविवाहितेलाही हा हक्क आहे. 18 वर्षांवरच्या स्त्रीला फक्त स्वतःची संमती लागते. नवऱ्याची किंवा सासूची सही कायदा मागत नाही.