दातांचा दवाखाना घरातच

दात साफ करून घेतले की वर्षभराची काळजी मिटली, अशी अनेकांची समजूत असते. पण वर्षातून दोनदा दंतवैद्याकडे जाणारा माणूस दिवसातून दोनदा ब्रश करत असेल, तर तो स्वतःचे दात ७३० वेळा स्वतःच साफ करतो. दात टिकतात किंवा जातात ते या ७३० वेळांवर.

दातांवर जिवाणूंचा चिकट थर रोज साचतो. तो वेळीच निघाला नाही, तर लाळेतील खनिजांमुळे कडक होतो आणि त्याचे किटण बनते. मग ते ब्रशने निघत नाही. हिरड्या सुजतात, रक्त येते. रक्त दिसले की लोक नेमकी तीच जागा घासायचे सोडतात आणि दुखणे वाढते. खरे तर तिथेच मऊ ब्रशने, हलक्या हाताने घासायला हवे. रक्त थांबले नाही तर दंतवैद्य गाठावा. ‘सफाईने दात सैल होतात’ हाही गैरसमजच. किटणाखाली आधीच झालेली झीज सफाईनंतर उघडी पडते, इतकेच.

‘रात्री झोपताना ब्रश करा’ हा सल्ला मिहानमध्ये जरा बदलावा लागेल. येथील आयटी कंपन्यांत रात्रपाळी करणाऱ्याची ‘रात्र’ सकाळी आठला सुरू होते. झोपेत लाळ कमी सुटते, त्यामुळे दातांचे संरक्षणही घटते. म्हणून घड्याळ काहीही सांगो, झोपण्यापूर्वी ब्रश हवाच. पाळीत वारंवार घेतलेला गोड चहा आणि बिस्किटेही कीड लागायला मदत करतात.

नागपुरात खर्ऱ्याचा विषय टाळून दातांबद्दल बोलता येत नाही. खर्रा खाऊन चूळ भरली किंवा दोनदा ब्रश केला, तरी सुपारी आणि तंबाखूचा धोका जात नाही. सुपारीने गालाची आतली त्वचा ताठ होते, तोंड उघडेनासे होते. मग मागच्या दाढांपर्यंत ब्रशही पोहोचत नाही. ही अवस्था पुढे कर्करोगाकडे नेऊ शकते.

यात दोष एकट्या रुग्णाचा नाही. ‘नीट घासत जा’ एवढे सांगून खुर्ची रिकामी करण्याची सवय दंतवैद्यांनीही सोडावी. रुग्णाच्या हाती आरसा द्यावा, त्याला घासून दाखवायला सांगावे आणि चुकते कुठे ते दाखवावे. मिहानमध्ये ‘एम्स’ आहे, शहरात शासकीय दंत महाविद्यालय आहे. उपचारांची सोय जवळ असली, तरी रोजची राखण तिथे होत नाही.

साधन महागडे नको. फ्लोराइडची पेस्ट, मऊ ब्रश, दोन मिनिटे आणि दातांच्या फटींसाठी धागा एवढे पुरे. पुढच्या भेटीला जाताना रुग्णाने आपला ब्रश सोबत न्यावा आणि ‘मी बरोबर घासतो का?’ एवढे विचारावे.