जुनी बोट घ्यावी वाजवून

इंग्लंड-अमेरिकेत जशा जुन्या मोटारी विकायला निघतात, तशा जुन्या बोटीही निघतात. थेम्स नदीचा काठ असो की अमेरिकेतल्या अजस्र सरोवरांचा किनारा, बोटी ठेवण्याच्या आवारात एखादी तरी बोट ताडपत्री पांघरून वर्षानुवर्षं कोपऱ्यात पडलेली असते. बहुधा ती केबिन क्रूझर असते. म्हणजे पंचवीस-तीस फूट लांबीची, इंजिनावर चालणारी बोट. आत दोन-चार माणसांना झोपण्यापुरती जागा, चहा-जेवणापुरता ओटा आणि टीचभर संडास. थोडक्यात, पाण्यावरचं वन रूम किचन!

अशा बोटीची किंमत नव्या बोटीच्या मानाने अगदी मामुली असते. जागेचं भाडं भरून कंटाळलेला मालक कधीकधी ती फुकटसुद्धा देऊन टाकतो. मग नोकरी-धंदा सांभाळून चार पैसे गाठीला बांधलेला, आयुष्यात कधी स्वतःची होडीही नसलेला एखादा गृहस्थ ती पाहतो आणि भुलतो. चार रविवार खपून घासूनपुसून रंग दिला की उन्हाळ्याच्या सुटीत बायकामुलांसह पाण्यावर, असा त्याचा हिशेब असतो.

हिशेब चुकतो तो इथेच. आपल्याकडे म्हणतात ना, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! बोटवाल्यांच्या जगातही अशा म्हणी आहेत. बोट म्हणजे पाण्याला पडलेलं भोक, त्यात माणूस जन्मभर पैसे ओतत राहतो, ही त्यातली एक. बोटमालकाच्या आयुष्यात आनंदाचे दिवस दोनच, बोट घेतली तो आणि विकली तो, ही दुसरी. गंमत सोडली तरी खरा प्रश्न पैशांपुरता नाही. रस्त्यात गाडी बंद पडली तर माणूस खाली उतरतो. भर पाण्यात बोटीने दगा दिला तर उतरणार कुठे?

म्हणून जुन्या बोटीचा पहिला धडा रंगाचा ब्रश हाती घेण्याचा नाही. तो आपल्या आजीबाईंच्या पद्धतीचा आहे. बाजारात मडकं घेताना त्या बोटाने टिचकी मारून आवाज ऐकत. बोटीची तपासणी करणारा जाणकारही तेच करतो. लहानशी हातोडी घेऊन तो बोटीचं बूड इंचाइंचाने ठोकत जातो. चांगल्या भागाचा आवाज खणखणीत येतो, सडलेल्या किंवा पाणी मुरलेल्या भागाचा बद्द. शिवाय त्याच्याकडे ओल मोजण्याचं यंत्र असतं. लाकडी बोट असेल तर संशयित जागी तो दाभण टोचून पाहतो. दाभण लोण्यात शिरावं तसं आत गेलं की समजायचं, वरून चकचकीत दिसणारी फळी आतून गेली आहे. या तपासणीची फी पहिल्यांदाच बोट घेणाऱ्याला जड वाटते. पण सौदा होण्यापूर्वी दिलेले हे पैसे पुढचा मोठा खर्च वाचवतात, आणि काही वेळा माणसाचा जीवही.

लाकडी बोटींची एक गंमत आहे. समुद्राच्या खाऱ्या पाण्यापेक्षा त्यांना पावसाचं गोडं पाणी जास्त बाधतं. लाकूड कुजवणारी बुरशी खारट पाण्यात फारशी वाढत नाही. डेकच्या फटीतून किंवा खिडकीच्या चौकटीतून झिरपलेलं पावसाचं पाणी मात्र आत साचतं, वारा लागत नाही आणि कूज सुरू होते. म्हणूनच बंद करून ठेवलेली बोट वापरातल्या बोटीपेक्षा लवकर म्हातारी होते. लाकूड चांगलं आणि देखभाल नेटकी असेल तर आयुष्य किती वाढतं, याचं एक उदाहरण आपल्या मुंबईचंच आहे. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली मलबारी सागवानातून बांधलेली 'ट्रिंकोमाली' ही ब्रिटिश युद्धनौका १८१७ साली पाण्यात उतरली. इंग्लंडमधल्या हार्टलपूल इथे दहा वर्षांहून जास्त काळ चाललेली तिची दुरुस्ती २००१ साली पूर्ण झाली. दोनशे वर्षं उलटून गेली तरी ही मुंबईकरीण आजही तिथे तरंगते आहे.

पण सगळ्याच बोटींच्या नशिबी सागवान नसतं. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या अल्गोनॅक गावात सुरू झालेल्या क्रिस-क्राफ्ट कंपनीच्या महोगनी लाकडाच्या बोटी एकेकाळी श्रीमंतीची खूण होत्या. पुढे फायबरग्लासचं युग आलं आणि १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला या कंपनीनेही लाकडी बोटी बांधणं थांबवलं. फायबरग्लास कुजत नाही, त्यामुळे पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या बोटींची बुडं आजही जागोजागी उभी दिसतात. घेणाऱ्याला वाटतं, प्लॅस्टिकच ते, त्याला काय होणार? पण दिसतं तसं नसतं! फायबरग्लासच्या दोन पातळ थरांमध्ये, विशेषतः डेकमध्ये, बऱ्याचदा प्लायवुड किंवा बाल्सा नावाचं हलकं लाकूड भरलेलं असतं. कुणीतरी कधीतरी कठडा बसवण्यासाठी एक स्क्रू पिळतो, त्या भोकातून पाणी आत शिरतं आणि वर्षानुवर्षं मुरत राहतं. डेकवर चालताना पायाखाली गादीसारखं मऊ लागलं की ओळखावं, आतल्या लाकडाचा भुसा झाला आहे. मग वरचा थर कापून काढायचा, सडकं खरवडायचं, नवं लाकूड बसवायचं आणि पुन्हा फायबरग्लास चढवायचा. चार रविवारांचा हिशेब इथेच चार महिन्यांवर जातो.

त्यानंतर पाळी येते बुडाला मुद्दाम पाडलेल्या भोकांची. इंजिन थंड ठेवण्यासाठी बाहेरचं पाणी आत घ्यावं लागतं, मोरीचं पाणी बाहेर सोडावं लागतं. त्यासाठी पाण्याच्या पातळीखाली भोकं असतात. त्यांवर व्हॉल्व्ह आणि त्यांना जोडलेल्या रबरी नळ्या. दीड इंचाच्या अशा एका भोकाची नळी निसटली, तर मिनिटाला शंभर लिटरहून अधिक पाणी बोटीत शिरतं. कितीतरी बोटी वादळात नव्हे, तर धक्क्याला बांधून ठेवलेल्या असतानाच बुडतात, त्या अशाच एखाद्या कुजक्या नळीमुळे. हे व्हॉल्व्ह साध्या पितळेचे असतील तर खाऱ्या पाण्यात त्यातलं जस्त निघून जातं आणि गुलाबीसर, ठिसूळ तांबं मागे उरतं. म्हणून ते अस्सल कांशाचे किंवा मुद्दाम बोटींसाठी बनवलेले हवेत. प्रत्येक नळीच्या तोंडाला एकाऐवजी दोन पट्ट्या आवळाव्यात, असा अनुभवी लोकांचा दंडक आहे. बोटीच्या बाहेरून जस्ताचे तुकडे बसवलेले असतात, तेही पाहावे लागतात. पंखा आणि दांडा गंजू नये म्हणून हे तुकडे स्वतः झिजतात. ते अर्धे संपले की बदलायचे.

सगळ्यात जपायचं ते इंजिनाला. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. मोटारीतून गळालेल्या पेट्रोलची वाफ रस्त्यावर विरून जाते. बोटीत मात्र ती इंजिनाखालच्या खोलगट भागात साचून बसते आणि एका ठिणगीची वाट पाहते. म्हणून अमेरिकेत अशा बोटींवर सूचनाच लिहिलेली असते: इंजिन सुरू करण्याआधी वाफ बाहेर फेकणारा पंखा निदान चार मिनिटं चालवा आणि खाली पेट्रोलचा वास येतो का ते पाहा. नवा मालक काटकसर करायला जातो आणि मोटारीच्या दुकानातला स्वस्त स्टार्टर किंवा डायनामो आणून बसवतो. दिसायला दोन्ही सारखेच. फरक असा, की बोटीच्या भागांतून ठिणगी बाहेर पडू नये अशी रचना केलेली असते, मोटारीच्या भागांत तशी नसते. तारांचंही तसंच. घरातली उरलेली वायर बोटीत वापरली की दमट खाऱ्या हवेत तिचं तांबं काळं पडतं, सांधे तापतात. त्यासाठी कथिलाचा मुलामा दिलेली, अनेक बारीक तारांची वायरच हवी.

दुसरा शत्रू वासही देत नाही. इंजिनाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड बंद केबिनमध्ये साचला, तर झोपलेलं माणूस उठतच नाही. धूर बाहेर नेणारी जुनी नळी तडकलेली असेल, तर हा वायू थेट मुलांच्या बिछान्यापर्यंत पोहोचतो. पडदे आणि गाद्या नंतर आणल्या तरी चालतील. या वायूची सूचना देणारा छोटा भोंगा मात्र आधी बसवायचा.

इतकं झाल्यावर मग घासकाम आणि रंग. तिथेही मास्क आणि हातमोजे विसरून चालत नाही. फायबरग्लासची धूळ फुप्फुसांना वाईट. बुडाला शेवाळ आणि शिंपले चिकटू नयेत म्हणून दिलेला जुना रंग तर मुळात विषारीच असतो. १९८०च्या दशकापर्यंत त्यात कथिलाचं एक जहाल संयुग सर्रास असे. २००८ साली जगभर त्यावर बंदी आली. असा रंग कोरडा घासायचा नाही, पाणी मारून घासायचा आणि खाली पडलेला गाळ गोळा करायचा.

एवढा खटाटोप कशासाठी? त्याचं एक उत्तर १९४० साली मिळालं. चार्ल्स लाइटॉलर हे 'टायटॅनिक'वरचे दुसरे अधिकारी, त्या दुर्घटनेतून वाचलेल्यांमध्ये हुद्द्याने सर्वांत मोठे. १९२९ साली त्यांनी नौदलाने टाकून दिलेली एक वाफेची लाँच विकत घेतली. ती बांधली होती १९१२ साली, म्हणजे 'टायटॅनिक' बुडालं त्याच वर्षी! तिची पुनर्बांधणी करून, नवं इंजिन बसवून १९३० साली त्यांनी ती पाण्यात उतरवली. नाव ठेवलं 'सनडाउनर'. दहा वर्षं ही कुटुंबाच्या सहलींची बोट होती. मग डंकर्कच्या किनाऱ्यावर ब्रिटिश आणि फ्रेंच सैन्य अडकलं आणि सरकारने खासगी बोटी मागितल्या. न्यायचीच असेल तर मीच नेईन, असं म्हणून १ जून १९४० रोजी छासष्ट वर्षांचे लाइटॉलर आपला मुलगा आणि एक तरुण स्काउट यांच्यासह निघाले. ज्या बोटीत तोवर कधी एकवीसहून जास्त माणसं चढली नव्हती, तिच्यातून त्या दिवशी सुमारे १३० सैनिक इंग्लंडला परतले. जुनी बोट तेव्हा नुसत्या रंगाच्या जोरावर तगली नसती.

त्या मोहिमेत एकंदर ३ लाख ३८ हजार सैनिक सुटले. युद्ध संपल्यावर त्या छोट्या बोटी पांगल्या, काही चिखलात रुतल्या, काही विस्मृतीत गेल्या. १९६०च्या दशकात बीबीसीचे प्रसिद्ध निवेदक रेमंड बॅक्स्टर यांनी 'लॉराज' नावाची जुनी मोटर क्रूझर घेतली. ती डंकर्कला जाऊन आली होती हे त्यांना कळलं, तेव्हा तिच्या बहिणी शोधण्याचा ध्यास त्यांनी घेतला. १९६५ साली, डंकर्कच्या पंचविसाव्या वर्षी, अशा बोटींचा ताफा पुन्हा तिथे गेला आणि १९६६ साली त्यांच्या मालकांची संघटना उभी राहिली. त्या बोटींपैकी कित्येक आज ऐंशी-नव्वद वर्षांच्या आहेत. एकामागून एक आलेल्या मालकांनी त्यांच्या फळ्या बदलल्या, म्हणूनच त्या पाण्यावर आहेत.

आपल्या कोकणातल्या नाखव्याला यातलं काही नवं वाटणार नाही. पावसाळ्यात होडी किनाऱ्यावर ओढायची, झाकायची, डागडुजी करायची आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहून दर्याला सामोरं जायचं, हे तो पिढ्यान् पिढ्या करत आला आहे. देखभाल ही त्याच्या वर्षाची ठरलेली पाळी असते. पहिल्यांदा बोट घेणाऱ्याला हीच गोष्ट उमजायला वेळ लागतो: डागडुजी एकदा करून संपत नाही. आणि तपासणीत बोटीचा कणाच गेलेला निघाला, खर्च आवाक्याबाहेर दिसला, तर कितीही जीव जडला तरी तिला नाही म्हणायचं. तेही एक शहाणपणच.

सगळं नीट जमलं, की एक दिवस क्रेनने बोट उचलून पाण्यात सोडतात. पण पट्टे लगेच काढत नाहीत. मालक आधी आतल्या लाद्या उचलून प्रत्येक व्हॉल्व्ह, प्रत्येक नळी हाताने चाचपतो. लाकडी बोट असेल तर तिच्या सुकलेल्या फळ्या पाणी पिऊन फुगेपर्यंत आणि फटी मिटेपर्यंत ती कधीकधी रात्रभर पट्ट्यांतच ठेवावी लागते. आपल्याकडे कोरडी पडलेली लाकडी बादली भिजवून घेत, तसंच हे. गळती थांबली की पट्टे सुटतात. मग पहिली फेरी काठाकाठाने, अर्ध्या तासाची. अंगावर लाइफजॅकेट, आणि किती वाजता परतणार ते काठावरच्या कुणाला तरी सांगून.