उलटी स्क्रीन आणि ३१ जुलै

तर झालं असं. ३१ जुलै २०२३, सोमवार, दुपारचे दोन. मी पुण्यात एका कंटाळवाण्या मीटिंगमध्ये म्यूटवर बसलेलो आणि दिग्रसहून धाकट्या चुलतभावाचा फोन. कट केला, लगेच दुसरा. "दादा, माह्या लॅपटॉपची स्क्रीन उलटी झाली! सगळं डोक्यावर उभं हाय. काय करू आता?"

आधी मला हसू आलं. मग तारीख आठवली.

भावाचं दिग्रसला ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं छोटं केंद्र आहे. त्या खरिपात एक रुपयात पीकविमा पहिल्यांदाच आला होता (२०२५ मध्ये ती योजना बंदही झाली) आणि अर्जाचा तो शेवटचा दिवस. मुदत पुढे ३ ऑगस्टपर्यंत वाढली, पण दुपारी दोनला ते कोणाला ठाऊक? दारात वीस-पंचवीस जण सातबारा, आधार, पासबुकाच्या झेरॉक्स घेऊन उभे.

ओळखीच्या रिपेअरवाल्याने निदान करून टाकलं होतं: "डिस्प्ले गेला. यवतमाळले पाठवा लागते. साडेचार हजार." आमचा पठ्ठ्या काही थांबला नव्हता. त्याने लॅपटॉप उलटा करून तंबूसारखा टेबलावर उभा केला, बाहेरचा माउस-कीबोर्ड लावला आणि फॉर्म भरायला सुरुवात केली. गंमत म्हणजे हे चालतं! स्क्रीन उलटी झाली की माउस उजवीकडे नेल्यावर बाण डावीकडे पळतो. लॅपटॉपच उलटा केला की पुन्हा सगळं सरळ. फक्त तंबू सारखा घसरत होता.

मी म्हटलं, "कंट्रोल आणि आल्ट धरून ठेव, आता वरचा बाण दाब." दोन सेकंद शांतता. मग मागून पब्लिकचा आवाज, "झालं, झालं!"

मशीन हँग झालं म्हणून तो कंट्रोल-आल्ट-डिलीट मारायला गेला होता. घाईत डिलीटऐवजी खालचा बाण लागला. बस्स, एवढंच.

आपण याला 'युजर एरर' म्हणून मोकळे होतो. मला ते साफ नामंजूर आहे. (कॉलेजच्या लॅबमध्ये हाच उद्योग मी मित्रांच्या मशीनवर करायचो, तेव्हा मोठा विनोद वाटायचा. असो.) स्क्रीन फिरवायची सोय हवीच. मॉनिटर उभा लावून कोड वाचणारे आपल्यातच आहेत. पण तीन बटणांत, काही न विचारता? विंडोजमध्ये रिझॉल्यूशन बदललं की 'हे ठेवायचं का?' असं विचारतात आणि १५ सेकंदांत उत्तर दिलं नाही तर आपोआप पूर्ववत होतं. ज्याला स्क्रीनच दिसत नाही तो बटण कसा दाबेल, हा विचार कोणीतरी केला होता. काही ग्राफिक्स ड्रायव्हरांच्या या शॉर्टकटने नेमका तोच विचार वगळला, आणि तोही डिफॉल्ट चालू ठेवून. दिग्रसहून बग रिपोर्ट कोण पाठवणार? तिथे लोक साडेचार हजार मोजतात, आणि आपल्या डॅशबोर्डवर सगळं हिरवंगार.

आता बऱ्याच नव्या ड्रायव्हरांत हा शॉर्टकट काढून टाकलाय. तरी स्क्रीन उलटलीच तर डेस्कटॉपवर राइट क्लिक, डिस्प्ले सेटिंग्ज, ओरिएंटेशनमध्ये 'लँडस्केप'. उलट्या माउसने हे एकदा करून बघाच, म्हणजे कळेल मी काय म्हणतोय ते. घडी घालून टॅब्लेट होणारा लॅपटॉप असेल तर 'रोटेशन लॉक' चालू आहे का तेही बघा.

परवा भावाचा पुन्हा फोन. एका गुरुजींचा लॅपटॉप उलटा झाला होता, याने तीन बटणांत सरळ करून दिला. "किती घेतले?" मी विचारलं.

"काही नाही गा दादा. चहा पाजला त्यायनं. पण कोणती बटणं दाबली ते त्या रिपेअरवाल्याले नाही दाखवलं."