शिस्त भिंतीवर टांगा

"दोन ठेवून द्या, सुतासारखा सरळ होईल." एडीएचडी (लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं अवघड जाणारी अवस्था) असलेल्या मुलाच्या आईबापांना हा सल्ला लग्नाच्या पंगतीपासून सोसायटीच्या गेटपर्यंत फुकट मिळतो. त्यामागचा युक्तिवाद मात्र हसण्यावारी नेता येत नाही. मोबाइलवर तासभर मान न हलवणारा मुलगा गणिताच्या वहीपुढे दहा मिनिटं का बसत नाही? म्हणजे जमतं, पण करायचं नसतं!

इथेच चूक होते. गेम दर काही सेकंदांनी गुण देतो, चूक तिथल्या तिथे दाखवतो. गणिताचं फळ आठवड्यानं, बाईंच्या लाल शाईत मिळतं. या मुलांकडे लक्ष असतं. ते हवं तिथे वळवणं आणि धरून ठेवणं अवघड जातं. अमेरिकेत 2007 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा मुलांच्या मेंदूच्या बाह्यपटलाची वाढ सरासरी तीन वर्षं मागे दिसली, आणि सर्वांत जास्त मागे होता तो आवर घालणारा पुढचा भाग. दात उशिरा आले म्हणून मुलाला कोणी मारतं का? शिवाय डबा विसरणाऱ्याला नियम पाठ असतो. ऐन वेळी आठवत नाही. मारानं नियम पुन्हा सांगितला जातो, आठवण राहत नाही.

मग सगळं माफ? मुळीच नाही. शिस्त हवीच, पण मुलाच्या डोक्यात राहत नसेल तर ती भिंतीवर टांगा. दाराशी डबा, बाटली, वही यांची चित्रं लावा. "आवर लवकर" या दोन शब्दांत पाच कामं दडलेली असतात. स्वयंपाकघरातून ओरडण्याऐवजी जवळ जाऊन एकच काम सांगा. "थोडा वेळ" म्हणण्याऐवजी गजर लावा. दहा मिनिटं अभ्यास झाला की जिना उतरून चढून येऊ द्या. काम झाल्याक्षणी फळ्यावर खूण करा. पाच खुणांना रात्री पत्त्यांचा एक डाव. शिक्षाही छोटी आणि तत्काळ; सोमवारच्या चुकीसाठी रविवारचं क्रिकेट बंद करू नका.

हे लाड नव्हेत, उपचार आहेत. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची 2019 ची मार्गदर्शक तत्त्वं सहा वर्षांखालच्या मुलांसाठी औषधाआधी पालकांचं प्रशिक्षण सुचवतात. त्यापुढे औषध आणि हे उपाय दोन्ही.

"पण जग थोडंच त्याला फळा लावून देणार आहे?" सल्ला देणारे काका शेवटी विचारतात, आणि शर्टाच्या खिशातून वाणसामानाची यादी काढून दुकानाकडे वळतात.