बेचाळीस जणांची शर्यत

मुलामुलींनो, हिंगोलीतून औंढ्याकडे, कळमनुरीकडे किंवा सेनगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर पहाटे साडेपाचला कधी उभे राहिला आहात का? अंधारातच पावलांचा आवाज येतो. चार-पाच तरुण एका ओळीत धावत येतात. कोणाच्या पायांत बूट असतात, कोणी अनवाणी असतो. एखाद्याची नजर सारखी हातातल्या घड्याळाकडे जाते. त्यांतले बहुतेक जण भरतीची तयारी करत असतात. पोलीस शिपाई भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते. त्याचे गुण मिळतात, म्हणून एकेका सेकंदासाठी ही मुले झटतात.

भरती संपली की रस्ते ओस पडतात. ज्यांची निवड झाली ते प्रशिक्षणाला जातात. ज्यांची झाली नाही ते धावणे सोडून देतात. आपल्या भागात धावणे ही केवळ एक परीक्षा होऊन बसली आहे. परीक्षा संपली की पुस्तक माळ्यावर जाते, तसेच बूटही माळ्यावर जातात. मला हे पटत नाही. का पटत नाही, तेच तुम्हांला सांगायचे आहे.

मी शिक्षक आहे. पंचेचाळिशी ओलांडली आहे. गेली बारा वर्षे मी हौसेने धावतो. मला आजवर एकही बक्षीस मिळालेले नाही आणि यापुढे मिळेल असेही वाटत नाही. पूर्ण मॅरेथॉन ४२ किलोमीटर १९५ मीटरांची असते; अर्धी त्याच्या निम्मी, म्हणजे २१ किलोमीटरांहून थोडी जास्त. तेवढे अंतर पार करायला मला अडीच तास लागतात. आपल्या मराठवाड्यातल्या अविनाश साबळेने २०२० साली दिल्लीत तेच अंतर एक तास आणि तीस सेकंदांत पार केले होते. म्हणजे तो अंतिम रेषा ओलांडून, पाणी पिऊन, कपडे बदलून विश्रांती घेत असेल तेव्हा माझी निम्मी वाट शिल्लक असते!

तरीही मी शर्यतींना जातो. जानेवारीतल्या मुंबईच्या शर्यतीत वांद्रे-वरळी सागरी सेतूवरून धावायला मिळते. एरवी त्या पुलावर पायी चालायलाही परवानगी नसते. पहाटेचा गार वारा, खाली काळेभोर पाणी आणि पुढे-मागे हजारो पावले. पुढे पेडर रोडचा चढ लागतो. तेथे पाय दगडासारखे जड होतात. अशा वेळी रस्त्याच्या कडेला उभी असलेली, कधीही न पाहिलेली माणसे संत्र्याची फोड पुढे करतात, चिमूटभर मीठ देतात आणि म्हणतात, "चला काका, थोडेच राहिले!" साताऱ्याची शर्यत वेगळी. तेथे अर्धी वाट यवतेश्वरचा डोंगर चढायचा आणि उरलेली अर्धी तोच डोंगर उतरायचा. चढताना दम लागतो, उतरताना गुडघे बोलतात. अशा शर्यतींत मागे धावणाऱ्यांत मी किती तऱ्हेची माणसे पाहिली! सत्तरीचे आजोबा, सोबत्याच्या हाताला बांधलेली दोरी धरून धावणारे अंध तरुण, मुलीबरोबर आलेली आई. पहिल्या दहांची छायाचित्रे वर्तमानपत्रांत छापून येतात. या माणसांची येत नाहीत.

एक अनुभव कडू आहे. एका गावच्या शर्यतीत आम्ही मागचे लोक शेवटच्या टप्प्यावर आलो, तेव्हा पाण्याची पिंपे रिकामी झाली होती. अंतिम रेषेवरची कमान उतरवली होती. मंडपात बक्षिसे वाटली जात होती आणि भाषणे चालू होती. माझ्यामागे एक बाई होत्या. आपण पोहोचलो की नाही हे त्यांना कळेना, कारण रेषाच पुसली गेली होती. मी गावाचे नाव सांगत नाही. अशा जागा अनेक आहेत. पण तेव्हापासून मी शर्यत एकाच गोष्टीवरून जोखतो. पहिल्याला किती रक्कम दिली हे मी विचारत नाही. शेवटचा माणूस येईपर्यंत पाणी होते का, एवढेच पाहतो.

तुम्ही म्हणाल, शर्यत म्हटली की कोणी पुढे आणि कोणी मागे राहणारच. खरे आहे. 'शर्यत' हा शब्द तर तुमच्या ओळखीचाच आहे. अरबीतून आलेला 'शर्त' उर्दूत अट किंवा पैज या अर्थाने राहिला, आणि मराठीत तो धावण्याच्या चढाओढीचे नाव झाला. चढाओढ मला नको आहे असे नाही. चढाओढ नसती तर परभणीच्या ज्योती गवतेने २०१७ साली मुंबईच्या मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिला क्रमांक मिळवला, हे आपल्याला कळलेही नसते. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतूनच वेगळा झाला, म्हणजे ती आपल्या शेजारघरचीच! बीड जिल्ह्यातल्या मांडवा गावचा साबळे शाळेसाठी रोज सहा किलोमीटर जात असे. त्याने २०२३ साली आशियाई क्रीडा स्पर्धेत ३००० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत सुवर्णपदक मिळवले. त्याही आधी, १९२० साली, बेळगावचे फडेप्पा चौगुले बेल्जियममधल्या अँटवर्प शहरी ऑलिंपिकच्या मॅरेथॉनमध्ये धावले. अंतर पावणेत्रेचाळीस किलोमीटरांचे होते. त्यांनी ते २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत पार केले आणि एकोणिसावा क्रमांक मिळवला. अशी माणसे आपल्या मातीत निपजतात याचा अभिमान वाटतो. पण दहा हजारांत एक साबळे होतो. उरलेल्या नऊ हजार नऊशे नव्याण्णव मुलांनी काय करायचे?

याचे उत्तर मला एका जुन्या प्रवाशाकडे सापडले. चौदाव्या शतकात इब्न बतूता हिंदुस्थानात आला होता. सुलतान मुहम्मद बिन तुघलकाची टपाल कशी चाले, हे त्याने लिहून ठेवले आहे. घोड्यांची टपाल होतीच, शिवाय पायी धावणाऱ्यांचीही होती. थोड्या-थोड्या अंतरावर चौकी असे आणि तेथे हरकारे कंबर कसून तयार बसलेले असत. एका हातात पत्र, दुसऱ्या हातात काठी आणि काठीच्या टोकाला तांब्याच्या घंटा. हरकारा जीव तोडून धावत सुटे. घंटांचा आवाज ऐकताच पुढच्या चौकीवरचा हरकारा उठून उभा राही, पत्र घेई आणि पळू लागे. ही टपाल घोड्यांहूनही लवकर पोहोचे, असे इब्न बतूता म्हणतो. सुलतान आपल्या दौलताबादेत मुक्कामाला असे, तेव्हा त्याच्या पिण्याचे गंगेचे पाणीही असेच धावत येत असे. ती वाट चाळीस दिवसांच्या प्रवासाची होती! सुलतानाची हौस सोडून द्या. त्या वाटेवर प्रत्येक हरकारा किती धावला, ते पाहा. फक्त एका चौकीपासून दुसऱ्या चौकीपर्यंत. गंगेपासून दौलताबादेपर्यंत एकटा कोणीच धावला नाही, आणि तरी पाणी पोहोचले.

हीच रिले. शाळेच्या क्रीडा महोत्सवात चार मुले हातात बॅटन घेऊन एक-एक फेरी पळतात, ती तिची छोटी बहीण. मोठी रिलेही आपल्याकडे आजही पळवली जाते. नवरात्राच्या आधी माहूर किंवा तुळजापूरहून पेटती ज्योत घेऊन आपापल्या गावी धावत येणारी मुले तुम्ही पाहिली असतील. मागे टेम्पो असतो. एकाचा दम संपला की तो टेम्पोत बसतो आणि दुसरा ज्योत घेतो. मैलोगणती वाट अशी कापली जाते. जपानात अशा लांब रिलेला एकिदेन म्हणतात. तिच्यातली सर्वांत प्रसिद्ध शर्यत हाकोनेची. ती १९२० साली सुरू झाली. तीत टोकियो ते हाकोने आणि परत असे सुमारे २१७ किलोमीटर अंतर दोन दिवसांत, विद्यापीठाच्या संघातले दहा जण मिळून धावतात. तेथे बॅटन नसते. खांद्यावरून तिरका घेतलेला कापडी पट्टा एकाच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर जातो. मागचा धावपटू ठरलेल्या वेळेत आला नाही तर पुढच्याला दुसराच पट्टा बांधून सोडून देतात. आपल्या संघाचा पट्टा तुटला, या विचाराने तो मागचा मुलगा रस्त्यावरच रडू लागतो. त्याचे डोळे स्वतःच्या क्रमांकासाठी भरून येत नाहीत. पुढे उभ्या असलेल्या मित्राच्या हाती आपण काही देऊ शकलो नाही, याचे ते दुःख असते.

म्हणून माझे म्हणणे असे की, आपल्या जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळेने वर्षातून एकदा अशी लांब रिले घ्यावी आणि तीत संपूर्ण वर्ग धावावा. निवडक मुले नव्हेत, सर्व. हिशोब सोपा आहे. तुमच्या वर्गात बेचाळीस मुले आहेत असे धरा. प्रत्येकाने एक किलोमीटर धावले की मॅरेथॉन झाली. मैदानाची एक फेरी २०० मीटरांची असेल तर पाच फेऱ्या. मैदान लहान असून फेरी १०० मीटरांची असेल तर दहा. एकाला सरासरी सात मिनिटे लागली तर एकूण पाच तासांच्या आत शर्यत संपते. जोरात पळणारा साडेचार मिनिटे घेईल, जाड मुलगा बारा मिनिटे घेईल. बिघडले कुठे? त्याचा किलोमीटरही किलोमीटरच आहे. तो नसेल तर एक्केचाळीसच होतील.

मुलींविषयी मला थोडे अधिक बोलायचे आहे. सातवीपर्यंत मैदान गाजवणाऱ्या मुली आठवी-नववीत गेल्या की कडेला बसू लागतात. मुलींना एवढे धावणे झेपत नाही, असे कोणी सांगते. जगानेही असेच म्हटले होते. १९२८ साली ऑलिंपिकमध्ये मुली प्रथमच ८०० मीटर धावल्या. काही जणी दमून खाली बसल्या, तर केवढा गहजब झाला! ती शर्यतच बंद केली, ती थेट १९६० साली पुन्हा सुरू झाली. दमून बसणारे पुरुष काय कमी होते? महिलांची मॅरेथॉन ऑलिंपिकमध्ये यायला १९८४ साल उजाडले. आणि २०२४ साली पॅरिसमध्ये सिफान हसन हिने काही दिवसांच्या आत ५,००० आणि १०,००० मीटरांत कांस्यपदके आणि मॅरेथॉनमध्ये सुवर्णपदक मिळवले. इथिओपियात जन्मलेली ही मुलगी निर्वासित म्हणून नेदरलँड्समध्ये आली होती. सुवर्णपदक घेताना तिने हिजाब घातला होता. आपल्याकडच्या लता करे २०१३ च्या सुमारास बारामतीत ज्येष्ठांच्या शर्यतीत नऊवारी लुगड्यात, अनवाणी धावल्या आणि पहिल्या आल्या. पतीच्या तपासणीला पैसे हवे होते म्हणून त्या धावल्या. तेव्हा कपड्यांचा प्रश्न मला मोठा वाटत नाही. खरी अडचण वेगळी आहे. पहाटे अंधारात रस्त्यावर धावणे मुलींना सुरक्षित वाटत नाही, घरचेही पाठवत नाहीत आणि त्यांचे चुकते असे मी म्हणणार नाही. पण शाळेच्या भिंतीच्या आत, मैत्रिणींच्या सोबतीने, शिक्षिकांच्या देखरेखीखाली धावायला कोणाची हरकत असावी?

अभ्यास बुडेल, असे काही पालक म्हणतील. वर्षातला एक दिवस! त्यापेक्षा उन्हाची काळजी करा. जून २०१४ मध्ये मुंबईत पोलीस भरतीच्या वेळी पाच किलोमीटर धावताना काही उमेदवार कोसळले आणि दगावले. त्यानंतर ते अंतर कमी करण्यात आले. शरीर हे यंत्र नव्हे. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो, म्हणून ही रिले थंडीतच घ्यावी आणि सूर्य डोक्यावर येण्याआधी संपवावी. रोज्यांचा महिना त्या दिवसांत येत असेल तर तारीख पुढे-मागे करावी. आधी महिनाभर एक दिवसाआड थोडे-थोडे धावावे. वेग किती ठेवावा? शेजारी धावणाऱ्या मित्राशी बोलता आले पाहिजे, इतकाच. ज्याला दम्याचा त्रास आहे त्याने डॉक्टरांना विचारावे आणि हवे तर चालावे. ज्याला चालणेही शक्य नाही त्याच्या हाती फेऱ्यांची वही आणि घड्याळ द्यावे. फेऱ्या मोजण्यात चूक झाली तर सगळी मॅरेथॉन फुकट जाते, म्हणून ते काम हलके समजू नका. पाणी मात्र भरपूर ठेवा, आणि शेवटच्या मुलासाठी एक घागर आधीच बाजूला काढून ठेवा.

आता हिशोबात १९५ मीटर उरले. मैदानाची ती जवळजवळ एक फेरी होते. ती तुमच्या मुख्याध्यापकांना धावायला सांगा. नाही म्हणणार नाहीत.