घरची गिरणी, घरचं दळण

अक्कलकोटहून एक भगिनी लिहितात : “ताई, आमच्या बचत गटात बारा जणी आहेत. सगळ्यांच्या आधारकार्डांची नि पासबुकांची एकच लहानशी पीडीएफ करून द्यावी लागते. मी ती इंटरनेटवरच्या फुकट साइटवर करते. मुलगा म्हणतो, घरच्या कॉम्प्युटरवरच सोय करू. स्टर्लिंग-पीडीएफ बसवावं की बेंटो-पीडीएफ?”

मुलाचं ऐका, बाई. अशा बऱ्याच साइटवर आपला कागद परक्या कॉम्प्युटरवर जातो. तिथून तो पुसला की नाही, हे आपल्याला कसं कळणार? बारा जणींनी विश्वासानं कागद दिलेत, ते जपायला नकोत का?

दोन्ही साधनं घरी फुकट चालवता येतात.

स्टर्लिंग-पीडीएफ २०२३ पासूनचं. यात काम घरातला मुख्य कॉम्प्युटर करतो, म्हणून साध्या मोबाइलवरूनही जड फाइल उरकते. मात्र त्या कॉम्प्युटरला मेमरी बरी हवी आणि मांडणीला जाणतं माणूस हवं. स्कॅनमधला मजकूर ओळखायचा तर मराठीची फाइल निराळी घालावी लागते. नंतर आकडे डोळ्यांनी ताडून पाहावेत.

बेंटो-पीडीएफ २०२५ मधलं. ते हलकं आहे. काम तुमच्या ब्राउझरमध्येच होतं, कागद हलतच नाही. पण जुन्या मोबाइलवर मोठी फाइल अडखळेल.

तुमचं काम जोडणं नि आकार कमी करणं एवढंच, तेव्हा बेंटो पुरे. गटातल्या चौघी-पाचजणी वेगवेगळ्या मोबाइलवरून काम करणार असतील, तर स्टर्लिंग. आणि एकाच कॉम्प्युटरवर नुसती पानं जोडायची असतील, तर पीडीएफसॅम बेसिक बसवलं तरी भागेल.

एवढं मात्र सांभाळा :

१. हे घरच्या वाय-फायपुरतंच ठेवा, बाहेरून उघडं करू नका.

२. आधारचे आकडे झाकायला नुसती काळी पट्टी ओढू नका. खालचा आकडा पुष्कळदा फाइलीत तसाच राहतो. चालत असेल तिथं पहिले आठ आकडे झाकलेलं ‘मास्क्ड आधार’ द्या.

३. मूळ स्कॅन पेन ड्राइव्हवर जपा. आकार फार घटवला तर सही पुसट होते नि अर्ज परत येतो.

४. काम झालं की डाउनलोडमधल्या जादा प्रती पुसा.

एक दुपार मोडेल खरी, पण बारा घरांची काळजी मिटेल.